बी-३०४चा एकच आयटम

आमच्या नवकिरण सोसायटीत नियम करायला कुणाला कष्ट पडत नाहीत, पाळायलाच पडतात. दोन वर्षांपूर्वी सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमात ए विंगमधल्या एका कुटुंबानं सात आयटम दिले. तिन्ही मुलांचे नाच, आईचं गाणं, वडिलांचं गाणं, दोघांचं मिळून गाणं आणि शेवटी आजोबांची बासरी. बासरीची वेळ आली तोवर मांडववाला खुर्च्या गोळा करायला लागला होता आणि बटाटेवडे गारढोण झाले होते. तेव्हा आमचे सेक्रेटरी चंदनभाई यांनी नियम काढला : एका फ्लॅटचा एकच आयटम. मीटिंगमध्ये मीच सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. दुसऱ्यासाठी खणलेल्या खड्ड्यात आपणच पडतो म्हणतात, ते काही उगीच नाही.

मी मनोरमा. पेणकरपाडा, नवकिरण, बी विंग, फ्लॅट तीनशे चार. एकतीस वर्षं परळच्या एका शाळेत ग्रंथपाल होते. मुलं गोष्टींच्या पुस्तकांवर तुटून पडायची आणि इतिहासाच्या कपाटाला कुणी हात लावायचं नाही, म्हणून ते कपाट मीच वाचून संपवलं. आमचे हे, गुणवंत, टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. लोकांच्या बंद पडलेल्या लाइनी चालू करणं हे यांचं काम. आता यांची स्वतःची लाइन दिवसभर चालू असते.

यांना विनोद सांगायचा रोग आहे. लिफ्ट मध्येच अडकली, आत आम्ही चौघं, घामानं निथळतोय, तर हे म्हणतात, "घाबरू नका. आपण वर जातोय की खाली, ते वरच्यालाच ठाऊक." पाण्याचा टँकर आला नाही की हे जिन्यात उभं राहून सांगणार, "पाणी जाताना सांगत नाही आणि पाहुणे सांगूनही जात नाहीत." लोक हसतात. भाजीवाला हसतो, वॉचमन हसतो. मला चव्वेचाळीस वर्षांत सगळे विनोद पाठ झालेत, त्यामुळे मी हसत नाही. नवीन असला तरी हसत नाही, उगाच सवय नको लागायला.

तरी विनोदांचा मला राग नव्हता. राग एकाच विनोदाचा होता.

झालं असं की गेल्या वर्षी जानेवारीत माझी थायरॉइडची गाठ काढली. ऑपरेशन नीट झालं, पण आवाजाची नस दुखावली. डॉक्टर म्हणाले, "आवाज बहुतेक येईल. पण तोवर एक शब्दही बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही." ते 'बहुतेक' माझ्या छातीत जे जाऊन बसलं ते दोन महिने हललं नाही. यांनी भाईंदर स्टेशनजवळच्या दुकानातून मुलांची ती इलेक्ट्रॉनिक पाटी आणून दिली. काडीनं लिहायचं, बटण दाबलं की सगळं पुसलं जातं. त्या पाटीवर मी दोन महिने संसार केला. भाजी काय, औषध कुठलं, गॅस बंद करा, सगळं पाटीवर. आणि दुपारी, दुसरं काही करता येत नाही म्हणून, मी यांना पाटीवर एक गोष्ट सांगायला घेतली. शाहू महाराजांची आणि वीरूबाईंची. रोज चार-पाच ओळी. हे वाचायचे, त्यावर एखादा विनोद करायचे आणि मी बटण दाबायची. गोष्ट यांच्या डोक्यात शिरते की नाही, याची मला शंकाच होती.

त्यात होळी आली. खाली सगळी सोसायटी जमली होती. मीही गेले. कुणीतरी विचारलं, "काका, घरी काय म्हणतात?" आणि यांनी सांगितलं, "अहो, आमच्याकडे इतकी शांतता आहे, की परवा एक एजंट दारात आला आणि विचारतो, फ्लॅट रिकामाच आहे ना? भाड्यानं देणार का?"

सगळे हसले. चंदनभाईंना तर ठसका लागला. मी तोंडाला गुलाल लावून तिथंच उभी होते आणि पाटी घरी राहिली होती. उत्तर माझ्या ओठांवर होतं, ते तिथंच वाळलं. आयुष्यात मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

आणखी एक आहे, तेही सांगून टाकते. होळीनंतर आठवड्यानं एका सकाळी स्वयंपाकघरात माझ्या तोंडून आवाज निघाला. फाटका, पण माझा. मी यांना हाक मारली, "अहो!" बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. ओ नाही. पुन्हा मारली, तरी ओ नाही. तिसऱ्या हाकेला म्हणे, "काय गं?" दोन महिन्यांनी बायकोचा आवाज आला आणि या गृहस्थांना पेपरातून डोकं काढवेना! मी तेव्हाच मनाशी ठरवलं. ज्या अंगणात माझ्या गप्प बसण्यावर लोक हसले, त्याच अंगणात, त्याच लोकांसमोर मी ती गोष्ट सांगणार. पहिल्यापासून शेवटपर्यंत, माझ्या आवाजात.

म्हणून यंदा मी फॉर्म भरला. 'बी-३०४, ऐतिहासिक प्रेमकथा, कथाकथन.' कार्यक्रमाचं सगळं रसिका बघते. ती ए विंगमधली, बँकेत असते, पोरगी कामाची आहे. चार दिवसांनी लिफ्टमध्ये कार्यक्रमपत्रिका चिकटवली गेली. मी चष्मा लावून वाचली.

'क्रमांक ७. बी-३०४. श्री. व सौ. यांची विनोदी ऐतिहासिक प्रेमकथा. पंधरा मिनिटे.'

मी तशीच खाली उतरले. रसिका ऑफिसला निघाली होती, तिला गेटवरच गाठलं.

"काकू, मी काय करणार? काकांनी पण फॉर्म दिलाय ना. 'हास्याचे फवारे.' एका फ्लॅटचे दोन फॉर्म. मी चंदनभाईंना विचारलं, ते म्हणाले मिक्स कर दो."

"मिक्स? भेळ आहे का ती?"

चंदनभाई तिथंच स्कूटर पुसत होते. "आंटी, रूल मतलब रूल. एक फ्लॅट, एक आयटम. आप ही ने ताली बजाई थी."

मी वर आले. समोरच्या फ्लॅटमधली वैजयंता दारातच उभी होती. ती मूळची परभणीकडची, माझी जिवाभावाची शेजारीण. तिला सगळं सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. "ताई, चव्वेचाळीस वर्षं झाली तुमच्या लग्नाला. तुमचा आयटम एकच असणार की. दोन कसे असतील?"

घरात हे लसूण सोलत बसले होते. मी पर्स आपटली.

"तुम्ही फॉर्म का भरलात?"

"दरवर्षी भरतो. तू भरणार हे मला कुठं माहीत?"

"मग आता मागे घ्या."

"रसिका म्हणते, पत्रिका छापून झाली." यांनी एक पाकळी सोलून वाटीत टाकली. "हे बघ, मी तीन मिनिटं बोलतो. उरलेली बारा तुझी. मध्ये एक शब्द बोलणार नाही."

"तुम्ही? बारा मिनिटं गप्प?"

"तू दोन महिने राहिलीस. मला बारा मिनिटं जमणार नाहीत?"

हे गंभीरपणे म्हणाले की विनोदानं, ते मला कळलं नाही. मी अटी घातल्या. बायकोवर विनोद नाही. राजावर विनोद नाही. तीन मिनिटं झाली की बाजूच्या खुर्चीवर बसायचं. हाताची घडी, तोंडावर बोट, अगदी शाळेतल्यासारखं.

"बरं," हे म्हणाले. मग विचारलं, "आणि तुझा आवाज बसला तर?"

"बसला तर बसू दे. तुम्ही उठायचं नाही."

यांनी मान डोलावली आणि लसणाची सालं उचलून आत गेले.

आवाजाची भीती मला होतीच. वर्ष झालं तरी तो पुरा परतला नव्हता. आठ-नऊ मिनिटं बरा चालायचा, मग सकाळच्या नळासारखा, आधी नुसती हवा आणि मग थेंब थेंब. मी घड्याळ लावून तालीम करायची. ज्येष्ठमधाच्या काड्या चघळून जीभ बधिर झाली. गोष्ट छाटून छाटून अकरा मिनिटांवर आणली. तालमीच्या वेळी हे गुपचूप बाल्कनीत जाऊन बसायचे. एकदा नववं मिनिट ओलांडलं आणि आवाज चिरकला, तर बाल्कनीतून गरम पाण्याचा पेला धरलेला हात तेवढा आत आला. मी पाणी प्यायले. आभार मानले नाहीत, होळी आठवत होती.

सव्वीस जानेवारीची संध्याकाळ. दोन विंगांच्या मधे मांडव, समोर सव्वाशे खुर्च्या, मागे वड्यांची कढई. कुणीतरी तिरंग्याचे फुगे लावले होते, ते अधूनमधून फुटत होते. सहावा आयटम लहान मुलींचा नाच होता. तो संपला आणि रसिकानं माइकवर आमचं नाव घेतलं. 'विनोदी ऐतिहासिक प्रेमकथा' म्हणताना तिलाच हसू आलं.

हे उठले. इस्त्रीचा झब्बा, वर जाकीट. तीन मिनिटं बोलले. पार्किंगवर एक विनोद, गुडघ्यांवर एक, चंदनभाईंच्या नियमांवर एक. "चंदनभाईंनी घरी पण रूल केलाय. एका माणसाला एकच पोळी. भाभींनी तो पहिल्यांदा त्यांनाच लागू केला." चंदनभाई सगळ्यांत जास्त हसले. माझ्यावर एक शब्द नाही. मग हे म्हणाले, "आता इतिहास आहे. मोबाइल सायलेंटवर ठेवा. मीही सायलेंटवर जातोय." आणि खरंच खुर्चीवर जाऊन हाताची घडी, तोंडावर बोट ठेवून बसले. मुलं खिदळली.

मी माइक धरला. आवाज निघाला.

"आपल्या गच्चीवरून खाडी दिसते. खाडीपलीकडे वसई. तिथला किल्ला मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून जिंकला, तेव्हा साताऱ्याच्या गादीवर होते शाहू महाराज. शिवाजी महाराजांचे नातू, संभाजी महाराजांचे पुत्र. आज त्यांच्या लढायांची गोष्ट नाही सांगत. त्यांच्या घरातल्या एका माणसाची सांगते."

खुर्च्या शांत झाल्या. मला धीर आला. मी सांगत गेले. सात वर्षांचा मुलगा रायगड पडल्यावर आईबरोबर मुघलांच्या छावणीत कैद झाला. छावणी फिरेल तिकडे तो फिरला. सतरा-अठरा वर्षं. तिथंच वाढला, तिथंच त्याची लग्नं झाली. सासरी येणाऱ्या राणीबरोबर एक दासी आली, तिचं नाव वीरू. राजवाडा नाही, राज्य नाही, पुढे काय होईल याचा भरवसा नाही. अशा ठिकाणी ती आली आणि त्या राजपुत्राच्या सुखदुःखाची सोबतीण झाली.

"पुढे सुटका झाली. साताऱ्याला राज्याभिषेक झाला. सरदार आले, खजिना आला, आणखी राण्या आल्या. आता सांगा, कैदेतली दासी कुणाच्या लक्षात राहते? पण महाराजांनी घराचा सगळा कारभार वीरूबाईंच्या हाती दिला. ती शेवटपर्यंत राणी झाली नाही. पण राण्यासुद्धा तिला मान द्यायच्या असं सांगतात."

मधे मुलांसाठी खंड्या कुत्र्याची गोष्ट ठेवली होती. शिकारीत या कुत्र्यानं महाराजांचा जीव वाचवला, म्हणून त्याला पालखीचा मान दिला, आणि माहुलीला त्याची समाधी दाखवतात. "कुत्ते को पालखी?" चंदनभाई मोठ्यानं म्हणाले. सगळे हसले. मी यांच्याकडे पाहिलं. एवढा आयता विनोद समोर वाढून ठेवलेला, आणि या माणसानं तोंडावरचं बोट हलवलं नाही.

नववं मिनिट गेलं. आता शेवट. त्याच्यासाठीच सगळी गोष्ट होती.

"सतराशे चाळीस सालच्या डिसेंबरात," मी म्हणाले, "वीरूबाई..."

आणि आवाज गेला. खोकले, घोटभर पाणी प्यायले, पुन्हा तोंड उघडलं. नुसती हवा. माइकमधून ती हवा सगळ्या मांडवात फुसफुसली. लोकांना वाटलं मला भरून आलंय. मग कुणीतरी कुजबुजलं. वैजयंता उठून उभी राहिली. मला समोरचं काही दिसेना. तेच अंगण, तीच माणसं, आणि मी पुन्हा तोंड मिटून उभी. दहा महिने ज्याच्यासाठी घासलं ते दोन मिनिटांवर येऊन बुडालं.

मी वळून यांच्याकडे पाहिलं. हे उठले नव्हते. अट होती ना. तोंडावर बोट तसंच, पण डोळे माझ्यावर खिळले होते. परवानगी मागत होते. चव्वेचाळीस वर्षांत या माणसानं बोलायची परवानगी कधी मागितली नव्हती.

मी मान हलवली. हो.

हे उठले. जाकिटाच्या आतल्या खिशातून एक जुनी डायरी काढली. माझ्या हातातून माइक घेतला आणि मला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं.

"पुढची गोष्ट मी सांगणार नाही," हे म्हणाले, "मी फक्त वाचणार आहे. गेल्या वर्षी ही दोन महिने बोलू शकत नव्हती, तुम्हाला माहीत आहे. पाटीवर लिहायची आणि पुसायची. बत्तीस वर्षं मी लोकांच्या लाइनी जोडल्या, पण घरातली लाइन बंद पडली तेव्हा मला काही करता आलं नाही. म्हणून ही पुसायच्या आधी मी लिहून घ्यायचो. सगळं. त्यामुळे जसं आहे तसंच वाचतो, सांभाळून घ्या."

यांनी पान उघडलं. हे पाटी हातात घेऊन आत जायचे ते मला वाटायचं चष्म्यासाठी.

"'सहा फेब्रुवारी. महाराजांना कुत्र्यांची फार आवड. खंड्याला पालखी होती. आणि तुम्हाला तुमचा टॉवेल सापडत नाही.'"

मांडवात हशा पिकला. हे हसले नाहीत, पुढे वाचत राहिले.

"'नऊ फेब्रुवारी. वीरूबाईंच्या हाती घराच्या किल्ल्या होत्या. तारोडीची कोळीण आली आहे, बोंबील घ्या. भाव करू नका, तुम्हाला जमत नाही.'

'बारा फेब्रुवारी. दोन राण्यांचं आपसांत पटायचं नाही. मधे वीरूबाई असायची. दूध उतू जातंय. दूध. दूध!'"

लोक पोट धरून हसत होते. वैजयंता तर खुर्चीच्या पाठीवर डोकं टेकून हसत होती. आणि माझ्या लक्षात आलं की सगळे माझ्याच शब्दांवर हसतायत. मी मुकी असताना लिहिलेल्या शब्दांवर. मला चक्क हसू आलं. यांच्यासमोर.

"'वीस फेब्रुवारी,'" यांनी वाचलं आणि यांचा आवाज जरा खाली आला. "'राज्य मिळाल्यावर माणसं खूप भेटतात. पण छावणीतले दिवस ज्याला सांगावे लागत नाहीत, असं माणूस एखादंच असतं. तुम्ही ऐकताय ना? नुसती मान हलवू नका. काहीतरी बोला. काहीही बोला. या घरात मला कुणाचा तरी आवाज हवा आहे.'"

हसू थांबलं. मी हे लिहिलं होतं? लिहिलं असणार, माझीच भाषा होती. लिहिलं, पुसलं आणि विसरून गेले. त्या दिवसापासून सकाळ-दुपार-संध्याकाळ जे विनोदांचं दळण सुरू झालं, ते मी महिनाभर कपाळावर आठ्या घालून सोसलं. मीच मागितलं होतं ते.

यांनी पुढचं पान उलटलं. "'होळी. पाटीवर हिनं लिहिलं : मी तुमच्याशी बोलणार नाही.'"

एकदम मोठा हशा झाला. हे तो ओसरेपर्यंत थांबले. मग डायरी लोकांकडे वळवून धरली.

"पुढची दोन पानं कोरी आहेत. हिनं दोन दिवस पाटीला हात लावला नाही. मी तुम्हाला सांगितलं होतं ना, एजंट विचारतो फ्लॅट रिकामा आहे का? कुणी एजंट आला नव्हता. मी बनवलं होतं ते. पण त्या दोन दिवसांत मला कळलं, फ्लॅट रिकामा म्हणजे काय. तो विनोद मी मागे घेतो. जे तेव्हा हसले, त्यांनी हसू परत घ्या."

कुणी हसलं नाही. चंदनभाई चष्मा काढून पुसत होते.

"आता गोष्टीचा शेवट. 'सतरा मार्च. सतराशे चाळीसच्या डिसेंबरात वीरूबाई गेल्या. महाराज अठ्ठावन्न वर्षांचे होते. त्यानंतर ते नऊ वर्षं जगले. त्यांचं दुःख फार मोठं होतं, एवढं लिहिलेलं सापडतं. पण त्या नऊ वर्षांत सवयीनं त्यांनी कितीदा हाक मारली असेल आणि ओ आली नसेल, हे कुठल्या कागदात नाही. राज्याचे कागद ते लिहीत नाहीत.' गोष्ट इथं संपली. खाली हिनं लिहिलंय, 'कशी वाटली?' आणि मी त्यावर काहीतरी फालतू विनोद केला होता, तो मी लिहून ठेवलेला नाही."

टाळ्या सुरू झाल्या. यांनी हात वर केला.

"एक ओळ राहिली. ही पाटीवरची नाही, माझी आहे. 'एकवीस मार्च. पाटीवर काही नाही. सकाळी स्वयंपाकघरातून हाक आली, अहो. मी ओ दिली नाही. पुन्हा ऐकायची होती. पुन्हा आली. तेव्हाही दिली नाही. तिसऱ्यांदा मात्र घाबरलो, हिला त्रास होईल म्हणून. मग दिली. पेपर उलटा धरला होता.'"

यांनी डायरी मिटली. मी रडत होते, आणि माझ्या रडण्यालाही आवाज नव्हता.

पुढे आठवा आयटम झाला, नववा झाला, मला काही दिसलं नाही. रसिकानं येऊन मिठी मारली. चंदनभाई म्हणाले, "आंटी, अगले साल रूल चेंज. बी-३०४ को दो आयटम." मी मानेनंच नाही म्हटलं. एकच पुरे. वैजयंतानं बशीत गरम वडे आणून दिले आणि माझ्या कानाशी म्हणाली, "ताई, वर्षभर रुसून बसलात हो उगीच." तिलाही उत्तर देता आलं नाही, एका परीनं बरंच झालं.

घरी जायला निघालो. हे जिना चढून आधी वर गेले. मी मागून हळूहळू चढत होते. तिसऱ्या मजल्यावर हे जाकिटाचे खिसे चाचपत उभे होते.

"अगं, किल्ली कुठंय?"

किल्ली माझ्या मुठीत होती. मी शेवटच्या पायऱ्यांवर थांबले, कठडा धरून.

"अगं, ऐकलंस का?"

मी गप्प.

"मनोरमा?" आता आवाजात काळजी होती. हे कठड्यावरून खाली वाकले.

तेव्हा मी मूठ उघडून किल्ली दाखवली.